टाचण्यांची भोकं

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आमच्या कार्यशाळेत जुने नकाशे, चित्रं, पोस्टरं दुरुस्तीला येतात. परवा सत्तरीच्या एक बाई मोठी फ्रेम घेऊन आल्या. आत अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंगचं, जवळच्याच माँत्रो गावच्या जॅझ महोत्सवाचं १९८३चं पोस्टर. जाड रेघांच्या, अंग झोकून नाचणाऱ्या त्याच्या त्या आकृत्या!

“नंतर छापलेली नक्कल आहे म्हणतात,” बाई म्हणाल्या. त्यांना फक्त कोपऱ्यांतली टाचण्यांची भोकं बुजवून हवी होती.

पोस्टर बाहेर काढून भिंग लावलं. ऑफसेट यंत्रावर छापलेली नक्कल असती तर रंग बारीक ठिपक्यांत फुटलेला दिसला असता. इथे सलग रंग, ठिपका एक नाही. मग दिवा अगदी आडवा धरला. वरची रेघ खालच्या रंगावर उठून आली आणि तिच्या कडेला केसभर सावली पडली. स्क्रीनमधून, म्हणजे ताणलेल्या जाळीतून, स्क्विजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढली की असाच थर बसतो. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तीच ही पद्धत, पण इथे कागद ७० बाय १०० सेंटिमीटरचा, प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, आणि एवढ्या मोठ्या सपाट रंगात कुठे ओरखडा नाही की डाग नाही. छापणाऱ्याच्या हाताला मी मनातल्या मनात नमस्कार केला. स्क्रीनप्रिंट निघालं म्हणजे लगेच अस्सल ठरत नाही, म्हणून कागद आणि मापही पडताळलं. सगळं जुळलं.

हेरिंग तेव्हा २५ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींतल्या काळ्या कागदावर तो खडूने झरझर चित्रं काढायचा. पोलीस कधीही येतील, त्यामुळे थांबायला, खोडायला वेळच नसायचा. जॅझमध्येही वाजलेला सूर मागे घेता येत नाही, पुढच्या सुरात सावरून घ्यावं लागतं. क्लोद नोब्स यांनी १९६७मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवाला इतकी शोभणारी रेघ दुसरी नसेल. १९८६चं पोस्टर त्याने पॉप आर्टचा प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल याच्यासोबत केलं. १९९०मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, एड्सने तो गेला.

“भोकं कशी पडली?” मी विचारलं.

“स्वयंपाकघरात लावलं होतं. माझा नवरा कॉन्ट्राबास, ते उभं धरायचं मोठं तंतुवाद्य, वाजवायचा. महोत्सव संपल्यावर एका दुकानाच्या काचेवरचं त्याने मागून आणलं.”

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की भोकांमुळे बाजारात किंमत कमी येते, आणि कागदाचा लगदा भरून ती बेमालूम बुजवताही येतात. पण मला ती बुजवावीशी वाटत नाहीत. हे भिंतीवर लावायलाच छापलेलं आहे, आणि ते एका बासवाल्याच्या घरी भिंतीवर राहिलं.

“विकायचंय कुणाला?” बाई म्हणाल्या. “राहू देत.”

मग मागचा आम्लयुक्त पुठ्ठा काढायचा, कडेची एक चीर जपानी कागदाने आणि गव्हाच्या खळीने सांधायची, अतिनील किरणं अडवणारी काच बसवायची, एवढंच काम ठरलं. स्वयंपाकघरात मात्र पुन्हा लावू नका, म्हटलं. वाफेने कागद फुगतो. आणि असे भडक रंग उन्हात उडतात, तेव्हा खिडकीसमोरही नको. बाईंनी पावतीच्या मागे बैठकीच्या खोलीचा नकाशा काढला आणि तिथेच भिंत नक्की केली.