मोठा फॉस्टर कुत्रा घरात मार्किंग करतो तेव्हा

फॉस्टर करणाऱ्यांकडून, म्हणजे कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवणाऱ्यांकडून, एक तक्रार हमखास ऐकू येते, की बाकी सगळं मस्त आहे, खातो पितो, अंगाशी येऊन झोपतो, फक्त घरात सगळीकडे तंगडी वर करतोय. आणि त्याच्याच पुढे, मुद्दाम करतो हो, आम्ही बाहेर गेलो की राग काढतो. मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण कुत्रा सूड म्हणून शू करत नाही. त्याला हे घर आहे हेच अजून कळलेलं नसतं. शेल्टर, मग कुणाकडे तरी चार दिवस, मग केनेल, आणि आता तुम्ही, आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या कुत्र्यांचे वास. अशा कुत्र्याला सवय लावता येते, मोठ्या वयातही येते, पण त्याला "मोठा आहे, शिकलेला असेल" असं धरून चालायचं नाही. पहिले काही आठवडे त्याला पिल्लासारखंच वागवायचं.

आधी हे मार्किंगच आहे का, म्हणजे तो शूने जागेवर आपल्या वासाची खूण करतोय का, ते बघा. मार्किंगमध्ये शू थोडीशीच असते, बऱ्याच जागी असते आणि बहुतेक वेळा उभ्या वस्तूंवर असते, म्हणजे सोफ्याचा कोपरा, पडदा, दाराची चौकट, पाहुण्यांची बॅग. खोलीच्या मधोमध मोठं थारोळं असेल तर त्याला वेळेत बाहेर नेलं गेलं नाही किंवा बाहेर जायची सवयच नाही, इतकं साधं असू शकतं. झोपेत अंथरूण ओलं होत असेल तर ती गळती, स्पे म्हणजे नसबंदी झालेल्या मादीत ती दिसते आणि तिच्यावर औषध असतं. आणि तुम्ही वाकून हात लावायला गेलात की कान मागे, अंग चोरून शू होते, ती भीती, तिथे ओरडलात तर ती वाढणारच. मादी मार्किंग करत नाही असंही नाही बरं का, करतात, नर जास्त करतात इतकंच.

यातलं काहीही असलं तरी व्हेटकडून युरिन तपासून घ्या. इन्फेक्शन, खडा, डायबेटिस, किडनी, यातल्या कशानेही घरात शू होऊ शकते आणि मग ट्रेनिंग कितीही करा, फरक पडत नाही. नर कुत्रा सारखा जोर करतोय आणि थेंबही येत नाहीये असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका, ती इमर्जन्सी आहे.

न्यूटर केलेला, म्हणजे नराची नसबंदी झालेली नसेल तर त्याचं बघा. साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त नरांमध्ये मार्किंग बऱ्यापैकी कमी होतं, पण सगळ्यांमध्ये नाही, आणि ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी थांबलं असंही होत नाही. वर्षानुवर्षांची सवय असते, ती हार्मोन गेले तरी मागे उरते.

आता खरं काम. माझं ठाम मत आहे की यातलं बरंचसं काम मोकळीक कमी करण्यात आहे. आल्या आल्या सगळं घर उघडं सोडायचं नाही. बाहेरूनच आधी निवांत फिरवून आणा, मग पट्ट्यावरच आत घ्या आणि एकच खोली द्या. तुम्ही जागे आणि घरात असाल तेव्हा पट्टा तुमच्या कमरेला, तुम्ही जाल तिथे तो, नजर ठेवणं जमत नसेल तेव्हा क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, नाहीतर छोटी खोली, त्यात अंथरूण, पाणी, चघळायला काहीतरी. क्रेट त्याला उभं राहता, वळता, पसरता येईल इतका हवा आणि त्याची सवय हळूहळू लावायची, शिक्षा म्हणून कोंडायचं नाही. घाबरून ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल तर क्रेट सोडा, बेबी गेट लावा. एका खोलीत बरेच दिवस काही झालं नाही की पुढची खोली उघडायची, परत झालं की एक पाऊल मागे. कंटाळवाणं आहे, मान्य, पण जो कुत्रा घरात चुकायची संधीच न मिळता बाहेर मोकळा होत राहतो त्याला बाहेरचीच सवय लागते.

पट्टा कमरेला असला की अजून एक होतं, तुम्हाला त्याचे इशारे कळायला लागतात. एकाच जागेला खूप वेळ हुंगणं, त्या वस्तूला अंग आडवं करून उभं राहणं, वजन एका बाजूला टाकणं. तेवढ्यात आनंदी आवाजात नावाने हाक मारायची आणि सरळ बाहेर. बाहेर केलं की तिथल्या तिथे, संपल्या क्षणी ट्रीट, घरात येऊन दिली तर त्याला ती घरात आल्याबद्दल मिळाली असं वाटतं. आणि पहिल्या थेंबावर फेरी संपवू नका, मार्किंग करणारे कुत्रे थोडं थोडं राखून ठेवतात, त्यांना हुंगू द्या, वेळ द्या.

ओरडणं, चापट मारणं, नाक त्यात घासणं, हे कृपा करून कुणी करू नका. हे लिहिताना मला अजूनही राग येतो. शू होऊन गेल्यावर ओरडलात तर त्याला कशाबद्दल ते कळतच नाही, आणि करतानाच ओरडलात तर तो शिकतो की या माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग तो सोफ्यामागे जाऊन करतो, आणि बाहेर तुम्ही पट्टा धरून उभे असता तेव्हा करतच नाही. म्हणजे ज्यासाठी बक्षीस द्यायचं होतं ती संधीच गेली. आधीच माणसांवरचा भरवसा उडालेल्या कुत्र्याचं तर अजूनच वाईट होतं.

सफाईत हलगर्जीपणा करू नका. आपल्याला वास गेला असं वाटतं, त्याला जात नाही. एन्झाइमवालं पेट क्लीनर वापरा, अमोनिया असलेलं नको, तो वास शूच्या जवळचा असतो, आणि ब्लीच थेट शूवर नको, त्याने त्रासदायक वाफ होते. आधी टिपून घ्या, मग शू जितकी खोल मुरली असेल तितकंच क्लीनर मुरू द्या आणि सावकाश सुकू द्या, भसाभसा पुसून काढलं तर उपयोग नाही. जुने डाग शोधायला अंधारात यूव्ही टॉर्च फिरवा. स्वच्छ झालेल्या जागी मग त्याचं जेवण ठेवा किंवा तिथे खेळा, कुत्रे शक्यतो जेवायच्या, झोपायच्या जागी घाण करत नाहीत.

बेली बँड हा नराच्या पोटाला गुंडाळायचा पट्टा, फर्निचर वाचवतो, शिकवत काही नाही. ओला झाला की लगेच बदला नाहीतर कातडी लाल होते, आणि बाहेर नेताना काढा.

हे सगळं करूनही होतच असेल तर कधी होतं ते लिहून ठेवा. खिडकीतून दुसरा कुत्रा दिसला की? मग खालच्या काचेला फिल्म लावा. पाहुणे आले की? बॅगा, बूट वर ठेवा. घरातल्या कुत्र्याशी ताण असेल तर दोघांची भांडी, अंथरुणं, खेळणी वेगळी करा आणि बाहेर एकत्र चालवा. एकटा असतानाच होत असेल तर फोनचा कॅमेरा चालू ठेवून रेकॉर्ड करा, येरझाऱ्या, रडणं, दार ओरबाडणं दिसलं तर प्रश्न एकटेपणाच्या भीतीचा आहे, तिथे व्हेटशी बोला, गरज पडली तर औषधंही असतात, त्यात लाज कसली.

आणि अडॉप्टरपासून, म्हणजे त्याला कायमचं घर देणाऱ्यापासून, हे लपवू नका. नवीन घरात मार्किंग परत सुरू होऊ शकतं, आधी माहीत असलेली माणसं तयार असतात, माहीत नसलेली कुत्रा परत आणून देतात. त्याच्या शूच्या वेळा, त्याचे इशारे, कुठल्या गोष्टीने बिघडतं, कुठलं क्लीनर चाललं, हे सगळं कागदावर लिहून द्या आणि सांगा की तिथेही सुरुवात एका खोलीपासून आणि कमरेला बांधलेल्या पट्ट्यापासूनच करायची.