एकाचा चार

खानापुरात माझं मेडिकल आहे. जुलैत इथं पाऊस असा लागतो की भर दुपारी दुकानात ट्यूब लावून बसावं लागतं. अशाच एका दुपारी डोक्यावरचं हेल्मेट न काढता एकानं चिठ्ठी पुढं सरकवली. ट्रॅमाडॉल, दुखण्यावरच्या ४० गोळ्या. चिठ्ठी बेळगावच्या डॉक्टरांची, खरीच. फक्त दहातल्या इंग्रजी एकाला रेघ जोडून चार केलेला. डॉक्टरांची शाई निळी, रेघ काळी.

तोंड झाकलं तरी सव्वासहा फूट उंची कुठं लपवणार? बेळगावात बास्केटबॉलच्या ज्या कोर्टवर मी रविवारी जायचो, तिथं हा पोरगा माझ्या डोळ्यांदेखत वाढला.

"हेल्मेट काढ."

"गुरुवारी तू नसतोस वाटलं, दादा. गुडघा दुखूलालाय."

तेवढ्यात एक आजी "क्रोसिन कोड्री" म्हणत आली, कनवटीचे सुट्टे मोजून गेली. तेवढ्या वेळात यानं दोनदा बाहीला नाक पुसलं. सर्दी नव्हती ती. ट्रॅमाडॉल अफूच्या जातीचं. सवय लागल्यावर गोळी चुकली की नाक गळतं, अंग ठणकतं, झोप उडते. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्यातही आलंय. दिलेल्या गोळ्यांची आम्हाला वेगळी नोंद ठेवावी लागते. मी रजिस्टर ओढून मागची पानं चाळली. त्याचं नाव तीनदा निघालं, तिन्ही वेळा माझ्याच अक्षरात. लिगामेंटच्या ऑपरेशननंतरच्या नोंदी. चिठ्ठ्या बरोबर, आकडे बरोबर, कायद्यानं माझ्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण तिसऱ्या वेळी "अजून कशाला लागतात रे?" एवढं विचारायला काय झालं होतं मला?

त्याला आत खोक्यावर बसवलं. दिवसाला आठ गोळ्या, कधी दहा, म्हणाला. एकदा फिटही आली होती. घरी सांगितलं, उपाशी होतो. पुढच्या महिन्यात नोकरीच्या स्पोर्ट्स कोट्याची ट्रायल. १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात ट्रॅमाडॉलवर बंदी आहे, हे त्याला माझ्याआधीच ठाऊक होतं.

"तीन दिवस आधी बंद करतो की."

"एकदम बंद केलंस तर तिसऱ्या दिवशी कोर्टवर उभा राहशील का?"

मग मी त्याला मायकेल रे रिचर्डसनची गोष्ट सांगितली. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्स संघाचा गार्ड. १९७९-८० च्या मोसमात असिस्ट म्हणजे बास्केट होईल असे पास आणि स्टील म्हणजे चेंडू हिसकावणं, दोन्हींत एनबीएमध्ये पहिला. पुढं कोकेन. फेब्रुवारी १९८६ मध्ये बंदी. आमच्या वेळी ही गोष्ट पोरांना भीती घालायला सांगायचे आणि बंदीवर संपवायचे. पण एनबीएच्या १९८३ च्या नियमात बंदीआधी दोन पायऱ्या होत्या. स्वतःहून पहिल्यांदा सांगितलं तर उपचार, पगार चालू. दुसऱ्यांदा उपचार, पगार बंद. तिसऱ्यांदा बाहेर.

तो बराच वेळ बोटं मोडत बसला. "स्वतःहून सांगितलं तर पगार चालू? इथं कोणाला सांगू, दादा? कोचला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत यादीतनं नाव जाईल."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी फक्त त्याला विचारून त्या डॉक्टरांना फोन लावला. चिठ्ठीचं ऐकून ते क्षणभर थांबले. म्हणाले, आजच घेऊन या, डोस हळूहळू उतरवावा लागेल, मनोविकारवाल्यांशीही बोलतो.

कामाच्या पोऱ्याला दुकानात बसवून मी याला घेऊन स्कूटर काढली. मागं त्याचे गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर, उजव्यावर टाक्यांचा व्रण, त्यावरनं पावसाचं पाणी ओघळतंय. पिरनवाडीपर्यंत एक शब्द नाही. तिथं ट्रॅफिकमध्ये थांबलो तेव्हा कानाजवळ येऊन म्हणाला, "तो रिचर्डसन परत खेळला काय?"

"बंदी उठली दोन वर्षांनी. मग इटलीत गेला."

"किती वर्षं खेळला?"

"चाळिशी ओलांडली तरी खेळत होता."

मागनं हॉर्न वाजायला लागले.