साहेबांची साक्ष

रिटायर झालेल्या पोलीस अधिकाऱ्यालाही कोर्टाचं समन्स येतं हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. 58 व्या वर्षी नोकरी संपते पण तपास केलेले खटले चालूच असतात. पैरवी हवालदाराचा, म्हणजे कोर्टाची कामं बघणाऱ्या पोलिसाचा, फोन आला की जुने कागद वाचून पिंजऱ्यात उभं राहायचं. साहेबांना असाच फोन आला, मी म्हटलं मीपण येते.

आमची ओळख मी क्राइम बीटवर होते तेव्हाची. साहेब बातमी कधीच द्यायचे नाहीत, पण छापून आलेल्यात चूक असली की सकाळी फोन हमखास, "अगं इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा वेगळा, घटनास्थळाचा पंचनामा वेगळा, दोन्ही एकत्र काय करतेस?" पुढे मी गुन्हेकथा लिहायला लागले आणि तेव्हापासून प्रत्येक कथा आधी त्यांच्याकडे जाते. ते पुण्याचेच, जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या वेळी कॉलेजात होते. 1976-77 मधले ते दहा खून, अंधार पडला की दारं लावून बसणारं शहर, बंडगार्डनपाशी नदीत शिडीला बांधून टाकलेला मृतदेह, हे सगळं सांगतात, पण त्यांचा जीव अडकलाय तो पुढच्या भागात, म्हणजे माफीचा साक्षीदार कसा मिळाला, केस अशी बांधली की सुप्रीम कोर्टापर्यंत टिकली आणि 1983 मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. आरोपी पकडला, प्रेस नोट काढली, फोटो आले, संपलं काम, असं मानणारे अधिकारी त्यांना अजिबात चालत नाहीत. मलाही नाही, आणि तसले भरपूर पाहिलेत मी.

तर केस. गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा, उसन्या पैशांवरून भांडण, डोक्यात कोयत्याचे वार. डोळ्यांनी पाहणारा कोणी नाही. भारतीय दंड संहितेच्या काळातला गुन्हा, म्हणून खुनाचं कलम अजून तीनशे दोनच. आरोपी साहेबांनी चार दिवसांत आणला आणि त्याने सगळं सांगितलं, पण पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात शून्य. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 27 एवढीच फट ठेवतं, की आरोपी म्हणाला "कोयता टाकला ती जागा दाखवतो" आणि तिथे खरंच कोयता निघाला, तर त्या शोधापुरतंच त्याचं बोलणं पुराव्यात येतं. म्हणून तो पंचनामा म्हणजे अख्ख्या केसचा कणा. त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत पंचांसमोर आधी चौकीत लिहायचं, मग सगळे गाडीत, गाडी कुठे न्यायची ते त्यानेच सांगायचं, तिथे गेल्यावर पोलिसाने हात लावायचा नाही, काढून तोच देणार, मग कागदात गुंडाळून लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या, आणि पंचनाम्याच्या दुसऱ्या भागाचं, म्हणजे जप्तीचं, लिखाण तिथेच जागेवर. लॅबला मुद्देमाल नेणाऱ्या हवालदाराचीसुद्धा साक्ष होते, सील मध्ये कुणी उघडलं नाही हे दाखवायला. साहेब हे शिकवायचे तेव्हा मी अक्षरशः वही घेऊन बसायचे.

त्या दिवशी कालव्याच्या कडेला कोयता मिळाला तेव्हा धो धो पाऊस होता. लॅबचा रिपोर्ट आला की रक्त माणसाचं आहे पण गट सांगता येत नाही. खटला उभा राहीपर्यंत एक पंच वारला आणि दुसरा कोर्टात फुटला, मी तिथे गेलोच नव्हतो म्हणाला. लोक पोलिसांना शिव्या घालतात पण पंच व्हायला बोलवलं की शटर ओढून घेतात, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे उरले फक्त साहेब.

उलटतपासात बचावाच्या वकिलाने तासभर इकडचं तिकडचं विचारलं आणि मग अगदी सहज, "पाऊस होता ना? मग पंचनामा लिहिला कुठे?" कागदावर स्पष्ट छापलंय, जागेवर लिहून पूर्ण केला. साहेब म्हणाले, "चौकीत. कागद भिजत होता, सील जागेवर केलं, लिखाण चौकीत केलं."

सरकारी वकिलांनी फाइलमधून मान वर केली. मागच्या बाकावर मारल्या गेलेल्या मुलाची आई होती, तिला त्या एका वाक्यात काय गेलं ते तेव्हा कळलं नसावं. मला कळलं. निकालात ते वाक्य आलंच, कागदात एक आणि तोंडात दुसरं, स्वतंत्र पंच नाही, म्हणून संशयाचा फायदा, निर्दोष.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांच्यावर चिडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हटलं, गाडीत बसून लिहिला म्हणाला असतात तर कोण विचारणार होतं? ते म्हणाले, "गाडीत नव्हता लिहिला." मी म्हटलं, मग त्या कागदावर जागेवर लिहिला असं का लिहिलंत? तर म्हणाले, रायटरने, म्हणजे लिखाण करणाऱ्या पोलिसाने, नेहमीचा मजकूर उतरवला, मी सही केली, ती चूक माझी. आता शपथेवर दुसरी करू का?

यावर माझ्याकडे उत्तर नाहीये. त्यांच्या खरेपणाबद्दल मला आदर आहे, तो आधीही होता, पण कोयता खरा होता, जागा त्या माणसानेच दाखवली होती, आणि तो आज त्याच गल्लीत राहतो. त्या बाईंना रोज दिसतो. नेहमीच्या मजकुराची ही सवय राज्यभर आहे, छापील साचा, गाळलेल्या जागा भरा, सही करा, आणि त्याची किंमत अशी कुणीतरी तिसरंच भरतं. निदान पावसातलं लिखाण चौकीत केलं तर तसं लिहायला काय हरकत आहे? कायद्यात त्याने काही कोसळत नाही, खोटं लिहिल्याने कोसळतं.

अपिलाचा प्रस्ताव गेलाय. साहेब सरकारी वकिलांना टिपण करून देतायत, काल रात्री मला फोन करून सीए रिपोर्टमधल्या, म्हणजे लॅबच्या त्या रिपोर्टमधल्या, एका ओळीचा अर्थ नीट लागतोय का ते वाचून दाखवत होते. भांडण मिटलेलं नाही, तरी मी ती ओळ परत परत वाचायला लावली.