वारा पडला ती रात्र

निफाड तालुक्यात कादवेच्या काठाजवळ आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची तीन एकर बाग आहे, आणि हवामानाचे नकाशे वाचण्याचा नाद मला त्या बागेमुळेच लागला. 2018 च्या डिसेंबरअखेरीस निफाडचा पारा दोन अंशांच्या खाली गेला, तेव्हा पानांवरचे दव गोठलेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि ही थंडी आठ दिवस आधी कोणाला दिसली असेल का, हा प्रश्न मनात घर करून राहिला. पुढे इतर हौशी मंडळींच्या संगतीने मी हवामान मॉडेलचे, म्हणजे संगणकाने गणित करून काढलेल्या अंदाजांचे नकाशे उघडू लागलो आणि वहीत नोंदी ठेवू लागलो. येथे सांगत आहे तो अनुभव त्यानंतरच्या एका जानेवारीतला आहे. त्या वेळी थंडी येणार हे मी बरोबर ओळखले होते, पण ती कोणत्या रात्री सर्वांत जास्त बोचेल, हे सांगण्यात मी सपशेल चुकलो.

पहिली चाहूल अकरा दिवस आधी लागली. अमेरिकेचे जीएफएस हे मॉडेल दिवसातून चार वेळा चालते आणि सोळा दिवसांपर्यंतचे अंदाज देते. त्याच्या पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर आधारलेल्या रनचे, म्हणजे गणिताच्या एका फेरीचे नकाशे आपल्याकडे सकाळी नऊनंतर उमटू लागतात. त्या दिवशीच्या रनमध्ये नाशिक जिल्ह्यावर चक्क तीन अंश दिसत होते. दुपारपर्यंत तेच चित्र मोबाइलवर फिरू लागले, आणि संध्याकाळी ते ‘उत्तर महाराष्ट्रात पारा शून्यावर’ अशा मथळ्यासह माझ्याकडे परत आले. संध्याकाळच्या रनमध्ये मात्र त्याच तारखेला नऊ अंश होते. ही दुरुस्ती कोणी पुढे पाठवली नाही. नऊ अंशांत पुढे पाठवण्यासारखे असते तरी काय?

इतक्या आधीच्या अंदाजात तापमानाचा आकडा वाचायचाच नसतो, हे मला दोन हिवाळे फसल्यावर उमगले. आपल्याकडची थंडी ज्या पश्चिमी झंझावातावर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणालीवर अवलंबून असते, तो अकरा दिवस आधी भूमध्य समुद्रावरही पोचलेला नसतो, आणि त्याची खोली किंवा वेग यांत किंचित फरक पडला तरी नाशिकचा आकडा सहा-सात अंशांनी हलतो. म्हणून मी आकडा सोडून 500 हेक्टापास्कलचा, म्हणजे साधारण साडेपाच-पावणेसहा किलोमीटर उंचीवरचा नकाशा पाहत राहिलो. अफगाणिस्तानाकडून एक खोल द्रोणीय स्थिती, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, काश्मीर आणि हिमाचलवरून पूर्वेकडे सरकते आहे, तिथे बर्फ पडतो आहे, आणि तिच्या मागोमाग राजस्थानवर हवेचा दाब वाढून उत्तरेचे कोरडे वारे माळव्यावरून तापीच्या खोऱ्यात उतरत आहेत, हा क्रम जीएफएसच्या लागोपाठच्या रनमध्ये टिकून होता. दिवस मागेपुढे होत होते, पण क्रम मोडत नव्हता. माझ्या लेखी त्या तीन अंशांपेक्षा ही गोष्ट कितीतरी मोलाची होती.

आठ दिवस उरले, तेव्हा मी एन्सेम्बलकडे, म्हणजे एकाच अंदाजाच्या अनेक आवृत्त्यांच्या संचाकडे वळलो. युरोपीय हवामान अंदाज केंद्र सुरुवातीच्या स्थितीत थोडे थोडे फरक करून एकच अंदाज 51 वेळा काढते, तर अमेरिकेची अशी मालिका 31 सदस्यांची आहे. या सगळ्या रेषा एका आलेखावर पाहिल्या की अंदाजावर किती विसंबावे, हे सांगावे लागत नाही. त्या दिवशी निफाडसाठी चारपासून तेरापर्यंत सगळे आकडे त्यांत होते. पाच दिवस उरले, तेव्हा बहुतेक रेषा सात ते दहा यांच्यामध्ये आल्या. तेव्हा मी घरी प्रथमच सांगितले की बुधवारनंतर थंडी वाढेल.

वडिलांचा प्रश्न सरळ होता. ते म्हणाले, “तुझे नकाशे राहू दे. पाणी कोणत्या रात्री द्यायचे, तेवढे सांग.”

प्रश्न साधा असला तरी त्यावर बरेच काही अवलंबून होते. मण्यांत नुकतेच पाणी उतरू लागले होते, आणि या अवस्थेत कडाक्याची थंडी पडली की फुगवण थांबते आणि मणी तडकतात. विहिरीचे कोमट पाणी पहाटेआधी बागेत फिरवायचे आणि बांधाला शेकोट्या पेटवायच्या, एवढेच उपाय आमच्या हातात असतात. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, पण माणसे रोज रात्री जागू शकत नाहीत. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर थंडीची लाट मानतात. जिल्ह्याला इशारा द्यायला हा निकष योग्यच आहे. मला मात्र ओढ्याकाठच्या एका एकराचा, तोही एका रात्रीचा आकडा हवा होता.

तो काढण्यासाठी माझ्याकडे वही होती. युरोपीय मॉडेलची एक चौकट साधारण नऊ किलोमीटरची असते. त्या चौकटीत टेकडी, गाव, रस्ता आणि आमच्या बागेचा सखल तुकडा यांची सरासरी निघते, तर थंड हवा जड असल्यामुळे रात्री पाण्यासारखी वाहत नेमकी त्या सखल तुकड्यात साचते. तीन हिवाळ्यांच्या नोंदींवरून माझ्या तापमापकाचा आकडा मॉडेलपेक्षा सरासरी अडीच ते तीन अंशांनी कमी येत होता. म्हणून मॉडेलच्या आकड्यातून तीन वजा करायचे, असा नियम मी बसवला होता, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

850 हेक्टापास्कलवरची, म्हणजे समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटर उंचीवरची हवा गुरुवारी सर्वांत थंड दिसत होती. मॉडेल गुरुवारच्या रात्रीसाठी आठ अंश सांगत होते. मी तीन वजा केले आणि पाच जाहीर केले. शेजारच्या चार बागायतदारांनीही माझ्यावर विसंबून सरपण जमवले. रात्रभर आम्ही जागलो. रात्रभर उत्तरेचा वारा मांडवातून सळसळत राहिला, शेकोट्यांचा धूर बागेत थांबेना, आणि पहाटे तापमापकावर 7.6 अंश होते. शुक्रवारी तोच प्रकार झाला. शेजारच्या बागेतले अण्णा काही बोलले नाहीत, पण शनिवारी सकाळी चहाला बसल्यावर त्यांनी मला साखर किती, हेही विचारले नाही.

शनिवारी दुपारी युरोपीय मॉडेलचा नवा रन आला. वरची हवा दोन अंशांनी तापली होती आणि रविवारच्या पहाटेसाठी पुन्हा आठच अंश होते. लाट ओसरली, असेच कोणीही म्हटले असते, आणि मीही तसेच म्हणालो. रात्री कोणी जागायचे नाही, असे ठरले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी बांधावर उभा होतो, तेव्हा वस्तीवरच्या चुलीचा धूर वर न जाता घराच्या पत्र्याएवढ्या उंचीवर आडवा पसरलेला दिसला. पानसुद्धा हलत नव्हते. मी मोबाइल काढून ज्या नकाशांकडे दोन दिवस पाहिलेच नव्हते, ते उघडले. दहा मीटर उंचीवरचा वारा गुरुवारी ताशी चौदा-पंधरा किलोमीटर होता आणि आज रात्री तो ताशी तीन किलोमीटरवर येत होता. आकाश निरभ्र होते, उंचावरच्या पातळ ढगांचाही पत्ता नव्हता. दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते, गुरुवारी सात होते. तीन दिवसांच्या कोरड्या वाऱ्याने ते दोनवर आणले होते.

माझी चूक तेव्हा लक्षात आली. वारा वाहत असतो तेव्हा तो जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेत सतत मिसळत राहतो. टेकडी आणि खळगा यांत फारसा फरक उरत नाही, आणि मॉडेलची सरासरी जवळजवळ खरी ठरते. वारा पडला की जमीन आपली उष्णता निरभ्र आकाशाकडे सोडत राहते आणि थंड हवा तळाशी साचून बसते. दव पडू लागले की त्यातून मुक्त होणारी उष्णता पाऱ्याची घसरण रोखते, म्हणून दवबिंदू हा एक प्रकारचा तळ ठरतो, आणि आज तो तळच खूप खाली गेला होता. शिवाय अशा शांत रात्रीची तळाशी साचलेली थंडी मॉडेलांना नीट पकडता येत नाही. हवेचे मिसळणे ती वास्तवापेक्षा जास्त धरतात. माझे ते वजा तीन वाऱ्याच्या आणि शांत रात्रींची एकत्र सरासरी होती, म्हणजे दोन्ही प्रकारच्या रात्रींसाठी चुकीची.

नऊ वाजता पारा 10.8 होता, मध्यरात्री 6.4. मी अण्णांच्या दारावर थाप मारली, तेव्हा ते “आता पुन्हा?” एवढेच म्हणाले, पण तापमापक पाहिल्यावर मुलाला उठवायला ते स्वतः गेले. एक वाजता मोटार सुरू केली, तीनपर्यंत शेकोट्या पेटल्या, आणि त्या रात्री धूर बागेवर चादरीसारखा थांबला. सूर्योदयाआधी 3.4 अंशांची नोंद झाली, आणि बांधाच्या गवतावर तर पांढरा थर होता, कारण गवताच्या उंचीवरची हवा तापमापकाच्या उंचीपेक्षाही थंड असते. पुढच्या आठवड्यात ओढ्याकडच्या सात-आठ ओळींतले मणी तडकले, कारण तिथे पाणी सर्वांत शेवटी पोचले होते. वरची बाग वाचली.

त्यानंतर मी जुन्या नोंदी पुन्हा काढून वाऱ्याच्या आणि शांत अशा रात्री वेगळ्या केल्या. वाऱ्याच्या रात्री फरक जेमतेम अर्धा अंश निघाला, शांत आणि कोरड्या रात्री चार ते साडेचार. आता माझ्या वहीत तापमानाच्या आधी वारा, दवबिंदू आणि ढग यांचे रकाने आहेत, आणि मॉडेलचा आकडा सर्वांत शेवटी लिहिला जातो. गेल्या हिवाळ्यात एकदा रात्री दहा वाजता मी शेकोट्या रद्द केल्या, कारण पुढच्या झंझावाताचे पातळ ढग चंद्राभोवती खळे करून आले होते. पहाटे नऊ अंशांवर पारा थांबला. वडील मात्र अजूनही संध्याकाळी आधी चुलीचा धूर पाहतात आणि मग मला विचारतात, “तुझ्या युरोपवाल्यांचे काय म्हणणे आहे?”