केळी तरंगतात का?

२०१९ चा कोल्हापूरचा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं. शाहूपुरीत खाली माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, वर आम्ही राहतो. पाणी पायरीला लागलं तशा हाताला लागतील तेवढ्या मोटरी जिन्यातनं वर चढवल्या, बाकीच्या अंबाबाईच्या भरवशावर सोडल्या. लाईट नाही, मोबाईल मेलेला. भाची एक पुस्तक विसरून गेली होती, ते बॅटरीच्या उजेडात उघडलं. यान मार्टेलची 'लाइफ ऑफ पाय'. माझं इंग्रजी कामचलाऊ, पण वेळच वेळ होता. खिडकीखाली पाणी आणि पुस्तकातही पाणी.

पुस्तक २००१ चं, पुढच्या वर्षी त्याला बुकर मिळालं. पाँडिचेरीतल्या प्राणिसंग्रहालयवाल्याचा सोळा वर्षांचा पोरगा, पाय पटेल. घरचे लोक प्राणी घेऊन जहाजानं कॅनडाला निघतात, जहाज बुडतं, आणि पोरगा पॅसिफिकमध्ये एका होडीत २२७ दिवस काढतो. सोबतीला ढाण्या वाघ. वाघाचं नाव रिचर्ड पार्कर, कारण कागदपत्रं करताना शिकाऱ्याचं नाव वाघाला आणि वाघाचं शिकाऱ्याला लागलं. आपल्या तहसीलदार कचेरीत सातबाऱ्यावर होतं तसंच.

न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले वाघ लहानपणापासनं बघितलेत, त्यामुळं वाघ म्हणजे काचेमागचा, एवढीच माझी समजूत. इथं तो ताडपत्रीखाली गुरगुरतोय आणि पोरगा वल्ह्यांचा नि लाईफ जॅकेटांचा तराफा बांधून होडीपासनं दोरीभर लांब झोपतोय.

पाय हिंदू असतोच, मग चर्चमध्ये जायला लागतो, मग मशिदीत. एकदा फिरायला गेलेले असताना पंडित, पाद्री आणि इमाम तिघंही त्याच्या आईबापासमोर एकदम येतात आणि हा आमचाच म्हणून भांडतात. लेखकानं हे नवलाचं म्हणून लिहिलंय. आमच्या आज्जीला वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असती, यात काय विशेष? ती शुक्रवारी अंबाबाईला, रविवारी जोतिबाला, आणि मोहरमात पंजाला मलिदा. माझ्या बापाचा टायफॉइड नक्की कुणी बरा केला, हे तिनं कधी ठरवलं नाही.

मला खरं आवडलं ते वेगळंच. पोरगा देवाचं नाव घेतो, पण हात थांबवत नाही. शिट्टी वाजवायची आणि त्याच वेळी होडी अशी डोलवायची की वाघाला मळमळलं पाहिजे. असं पुन्हा पुन्हा केलं की नुसत्या शिट्टीलाच वाघ दबतो. समुद्राच्या पाण्याची उन्हानं वाफ करून गोडं पाणी देणारी यंत्रं रोज तपासायची. जन्माचा शाकाहारी, पहिला मासा मारताना ढसाढसा रडतो. नंतर मोठा मासा मिळाल्यावर विष्णूचे आभार मानतो, माशाच्या रूपात आलास म्हणून. ते पान मी दोनदा वाचलं.

सुरुवातीची शंभरेक पानं रेंगाळतात. ती सोसा. शेवाळाच्या बेटाचा भाग मला अजूनही पचलेला नाही.

शेवटी दोन जपानी अधिकारी मेक्सिकोतल्या दवाखान्यात त्याचा जबाब घ्यायला येतात. त्यांचा कशावरच विश्वास नाही. केळीच्या ढिगावर बसून एक ओरांगउटान होडीपर्यंत आलं म्हणतोस, पण केळी तरंगतच नाहीत, इथनं वाद सुरू. पुढं काय होतं ते सांगत नाही. ते सांगितलं तर पुस्तक वाचायला दिल्यासारखं होणार नाही.

पूर ओसरला. दुकानातला गाळ उपसून, मोटरी उन्हात मांडून झाल्यावर मी बादलीभर पाणी घेतलं आणि बाजारातनं आणलेला घड त्यात सोडला. तरंगला. आई दारात उभी राहून बघत होती.

"काय करायलायस?"

"केळी तरंगतात का बघतोय."

"मला विचारायचं की," ती म्हणाली. "पाणी पायरीला लागलं त्या दिवशी नदीची ओटी भरली की मी. खण बुडाला, नारळ नि केळी गेली तरंगत गल्लीतनं."