तिकिटावरचे तास आणि हवेतले तास

दिल्ली-टोकियोच्या तिकिटावरच्या नुसत्या वेळा वाचल्या, तर जाणं लांबचं आणि येणं जवळचं वाटतं. समजा, रात्री 8 ला दिल्ली सोडली आणि सकाळी 7 ला टोकियो. झाले 11 तास. परतताना सकाळी 11 ला निघून संध्याकाळी 5 ला दिल्ली, म्हणजे सहाच! प्रत्यक्षात उलटं आहे. टोकियोचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. जाताना ते वजा करायचे, येताना मिळवायचे. साडेसात तास जायला, साडेनऊ यायला.

रस्ता तोच, मग दोन तास कुठे गेले?

आधी रस्ता पाहू. पृथ्वीच्या गोलावर दिल्ली ते टोकियो दोरा ताणला तर अंतर भरतं साधारण 5,850 किलोमीटर. गंमत म्हणजे तो दोरा मध्यावर चीनमधल्या शीआनच्याही उत्तरेला, खुद्द टोकियोच्या अक्षांशापलीकडे चढतो. पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही, कारण वाटेत तिबेट आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर मास्कशिवाय श्वास घेता यावा म्हणून विमानाला झटपट 10,000 फुटांवर यावं लागतं, आणि तिबेटात जमीनच 14,000-15,000 फुटांवर. डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांचा धनी. म्हणून हिमालयाला डावीकडे ठेवत, म्यानमारवरून वळसा.

वळसा दोन्ही वेळेला सारखाच. फरक करतो तो वारा. साधारण 30,000 ते 40,000 फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जेट प्रवाह हिवाळ्यात जपानवर सगळ्यात जोरात असतो. 1920च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने फुगे सोडून तो मोजला आणि जगाला कळावं म्हणून अहवाल लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत! वाचणार कोण? 1944 मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-29 बॉम्बफेकी विमानांना त्या वाऱ्याने चांगलाच हिसका दाखवला.

‘जाताना वाचलं ते येताना गेलं, फिट्टंफाट’ असंही नाही. ताशी 900च्या वेगाने 3,000 किलोमीटरला 3 तास 20 मिनिटं लागतात. पाठीशी ताशी 150 किलोमीटरचा वारा असेल तर 2 तास 51 मिनिटं. तोच समोरून आला तर पुरे 4 तास. वाचली 29, गेली 40. विरोधी वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो, म्हणून हिशेब कधीच जुळत नाही. उन्हाळ्यात प्रवाह मंदावून उत्तरेला सरकतो, तेव्हा परतीचा वेळ थोडा आटोपशीर होतो. त्यामुळे डिसेंबरच्या परतीनंतर दिल्लीहून पुण्या-मुंबईचं विमान धरायचं असेल, तर जूनमध्ये चालून गेलेला हिशेब वापरू नये.

आणखी दोन गोष्टी. रात्री निघालात तर तिकिटावरच्या वेळेपुढचा बारीक ‘+1’ बघा. हॉटेल एक रात्र आधीचं धरून बसणारे कमी नाहीत. आणि विमानतळ हानेदा की नारिता, ते वाचा. हानेदा शहराला चिकटून आहे, नारिता साठेक किलोमीटर बाहेर.

परतीला दिवसाचं विमान असेल तर उजवीकडची खिडकी मागावी, पंखाच्या मागची. आकाश मोकळं असलं तर शेवटच्या टप्प्यात उत्तरेला हिमालयाची पांढरी ओळ दिसते, आणि सूर्य आपल्याच दिशेने पळत असल्याने तिच्यावरचं ऊन लवकर उतरत नाही.