मुलीच्या मामांना बोलवा

मे महिन्यात दुपारचा मुहूर्त आणि उघड्यावरचं लॉन असं कळलं की लग्न लावणारी पुरोहित म्हणून मी यजमानांना एकदा तरी विचारते, "गोरज मुहूर्त घेऊया का?" मुळशीच्या रस्त्यावरच्या या लग्नातही विचारलं होतं. पण संध्याकाळी त्याच लॉनवर दुसऱ्यांचं रिसेप्शन होतं, म्हणून १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त धरला.

जागा दिसायला देखणी. मागे डोंगर, मधे भलीमोठी हिरवळ, तिच्या पार पलीकडच्या टोकाला पांढऱ्या फुलांनी सजवलेलं स्टेज. गाड्या लावायची जागा फाटकाशी, तिथून हिरवळीपर्यंत जाडी खडी. खुर्च्यांवर छत नव्हतं, बाजूंनी नुसत्या कनाती. मेच्या मध्याला पुण्याकडे सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो याच सुमाराचा, आणि सावली नाहीशी होते ती घड्याळात साडेबाराला. म्हणजे नेमकी मुहूर्ताची वेळ. त्या वेळी कनातीची सावली तिच्या पायाशीच पडते, वर कापडाने वारा मात्र अडतो.

मी पूजेची मांडणी करून खाली आले तेव्हा पुढच्या रांगेत नऊवारीतल्या तीन-चार आज्या पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. पाण्याची बाटली पुढे केली तर एकीने हात आडवा केला. "नको गं बाई, मग जायला लागतं." स्वच्छतागृह गाड्यांच्या मागे, खडी ओलांडून. चढायला दोन पायऱ्या, आत भारतीय बैठक, धरायला दांडा नाही. गुडघे गेलेल्या बाईने तिथे बसायचं कसं आणि उठायचं कसं? म्हणून या बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर होत्या. लग्नांमध्ये हे मी फार बघते आणि दर वेळी जीव कळवळतो. म्हाताऱ्या माणसाला तहान आधीच कमी जाणवते, त्यात पाणी मुद्दाम टाळायचं आणि उन्हात बसायचं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली, ते आठवून मला खरोखर धडकी भरली. पुढच्या रांगेतल्या एका आजींना घेरी आलीच. त्यांना नवरीच्या खोलीत एसीखाली आडवं केलं, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं, अर्ध्या तासाने त्या बोलत्या झाल्या.

नवऱ्याच्या आजी व्हीलचेअरवर होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. हिरवळीला पहाटे पाणी सोडलेलं, त्यामुळे खुर्चीची पुढची लहान चाकं मातीत रुतली. नातवंडांनी ढकलून पाहिलं, तशी ती जास्तच खाली गेली. शेवटी खुर्ची मागे कलती करून, मोठ्या चाकांवर उलटी ओढत त्यांना जेवणाच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. नातवाचं लग्न त्यांना तिथून दिसणार होतं ते ठिपक्याएवढं.

आणि मग मामा आले. नवरीच्या आईचे एकुलते एक भाऊ. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या. मंगलाष्टकांआधी ध्वनिक्षेपकावरून "मुलीच्या मामांना बोलवा" असा पुकारा होतो तो यांच्यासाठी. भाचीला बोहल्यावर आणायचा मान त्यांचा. कुबडीचं रबरी टोक ओल्या हिरवळीत दर पावलाला आत जात होतं. पुढे स्टेजच्या सहा उभ्या पायऱ्या, कठडा नाही. व्यवस्थापकाने कुठून तरी प्लायवूडची फळी आणून पायऱ्यांवर टेकवली. स्टेजची उंची साडेतीन फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी हे रॅम्पचं प्रमाण धरलं तर बेचाळीस फूट उतार हवा. फळी आठ फुटांची. धडधाकट माणूसही तिच्यावरून घसरला असता.

"चुलतमामा आहेत ना, ते आणतील," कुणीतरी म्हणालं. मामा लगेच म्हणाले, "ताई, माझ्यापायी खोळंबा नको. मुहूर्त गाठा. मी खालूनच अक्षता टाकतो." इतक्या सहज म्हणाले, की ही सवय किती जुनी असेल ते कळलं.

मी नवरीच्या खोलीत गेले. मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या. तिच्या कानावर सगळं आलं होतं. तिने विचारलं, "ताई, लग्न स्टेजवरच लागायला हवं का?"

नाही लागायला हवं. दोन पाट, अंतरपाट, अक्षता, साक्षीला आपली माणसं. मुहूर्तावर अक्षता पडायला एवढं पुरे. मुहूर्त वेळेचा असतो, स्टेजचा नसतो. जेवणाच्या शेडला सपाट शहाबादी फरशी होती, वर छप्पर आणि पंखे होते, आणि खोलीपासून तिथवर फरसबंदी वाट होती, एकही पायरी नाही.

बारा वाजून गेले होते. केटररने तोंडातून 'नाही' काढलं नाही. पोरांना हाक मारून एका बाजूची टेबलं भिंतीला लावली. फोटोग्राफर नाराज झाला, मागे स्टीलची भांडी दिसणार म्हणून. नवऱ्याचे वडील घुटमळले. फुलांवर खर्च त्यांनी केला होता, त्यांना वाईट वाटणं मला समजत होतं. तेवढ्यात त्यांच्या आईच म्हणाल्या, "अरे, इथे लावा. मला दिसेल तरी." मग कुणी काही बोललं नाही.

पुकारा झाला. मामा फरशीवरून कुबड्या टेकत आले, नवरी त्यांच्या चालीने. माणसं उन्हातून उठून सावलीत दाटीवाटीने उभी राहिली. स्टेजवरच्या लग्नात मागच्यांच्या अक्षता पुढच्यांच्या डोक्यावर पडतात, इथे वधूवरांवर पडल्या. होमासाठी शेडच्या कडेची जागा घेतली, त्या बाजूचे पंखे तेवढे बंद केले, नाहीतर धूर थेट आजींच्या डोळ्यांत गेला असता.

निघताना व्यवस्थापकाशी बोलले. तसा भला माणूस. "ताई, बुकिंगला येणारे स्टेज बघतात, फोटो कुठे चांगला येईल ते बघतात. रॅम्प, संडास कुणी विचारत नाही." मी त्यांना सांगितलं, कुणी विचारायची वाट बघायची नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि लोकांच्या वापराची खासगी जागाही त्याच्या कक्षेत येते. स्टेज दीड फुटावर आणलं तर अठरा फुटांत रॅम्प बसतो. शेडच्या मागच्या भिंतीला पाण्याची लाइन आहेच, तिथे एक कमोड, दोन्ही बाजूंना दांडे आणि ९० सेंटीमीटरचं दार एवढं करा. त्यांनी ते माझ्यासमोर मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि म्हणाले, मालकांना दाखवतो. त्यानंतर मी दोनदा फोन केला. स्टेज उतरवायला मालक तयार आहेत, स्वच्छतागृहाचं अजून ठरत नाही. दिवाळीनंतरच्या मुहूर्तांआधी मी पुन्हा विचारणार आहे.